नामाचं रडणं

सोनाई आमच्या घरी आली ती सुप्याहून, बैलगाडीतून. वडिलांशी तिचा पाट लागला होता. आत्या भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी होती, आमच्या सणसर गावातल्या चार बायका नवरी बघायला जमल्या होत्या. गाडीतून उतरताच सोनाईने पदर सावरला आणि विचारलं, "बाळ कुठं हाय?"

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ नामा. आमची आई तापाने गेली तेव्हा तो अंगावर पीत होता. मी आठ-नऊ वर्षांची. मग कधी आत्या त्याला दूध पाजी, कधी शेजारीण न्हाऊ घाली, झोळी मी हलवी. पोटाला काही कमी पडलं नाही. पण तो कुणाकडे बघून हसत नसे, आणि रडतही नसे. आढ्याकडे बघत नुसता पडून राही. "येडं निपजतंय वाटतं," बायका कुजबुजत. वडील उसाला पाणी द्यायला जात, ते अंधार पडल्यावरच परतत.

थोड्याच दिवसांत सोनाईने वडिलांना गाडी जुंपायला लावली. बारामतीच्या डॉक्टरांनी नामाच्या कानाशी चुटकी वाजवली, डोळ्यांपुढून बॅटरी फिरवली. "कान-डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "पण रोज वेगळे हात. त्यानं ओळखायचं कुणाला? एका माणसाच्या सहवासात राहू द्या. त्याच्याशी बोला. या वयात मेंदूची वाढ त्यावरच होते."

"मी हाय की," सोनाई म्हणाली.

तेव्हापासून नामा तिच्या अंगावेगळा झाला नाही. भाकरी थापताना मांडीवर, खुरपताना पाठीशी. "नामदेवराव, मीठ इसरलो की आपुन!" असं म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबायची. त्याने बारीकसा हुंकार दिला की लगेच, "व्हय? मंग पुढं?"

आत्या वैतागे. "अगं, कामं कवा व्हायची?"

"कामं उद्याबी हायती, वन्सं. लेकरू निस्तं दुधावर वाढत न्हाय, तोंडाकडं बघून वाढतं."

मी मात्र लांबूनच बघायची. सावत्र आईच्या ऐकलेल्या गोष्टी मनात घर करून होत्या. मी तिला कसलीच हाक मारत नसे.

एका सकाळी ती नामाला माझ्याजवळ ठेवून विहिरीवर गेली. ती दाराआड झाली आणि नामाने मान वळवली. ओठ काढला. आणि असा टाहो फोडला की आत्या पिठाच्या हातांनी धावत आली. काही केल्या तो थांबेना. सोनाई भरली घागर वाटेतच टाकून पळत आली. तिला पाहताच त्याने दोन्ही हात पुढे केले.

आम्ही घाबरलेलो, आणि ती रडता रडता हसत होती. "रडला गं! मी गेले म्हून रडला! वळाकतंय माझं लेकरू!"

वडील गोठ्यातून आले, दारातच थबकले. नामा तिच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघून हसला. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "आरं, नामा!"

पुढे नामा इतका बोलका झाला की शाळेत मास्तर त्याला कोपऱ्यात उभं करत. सोनाई पिकल्या पानासारखी गेली, त्याच्याच मांडीवर.

मला आठवते ती मात्र नामा रडला त्या दिवसाची दुपार. नामा तिच्या कुशीत निजला होता. मी जवळ जाऊन नुसतीच उभी राहिले. तिने त्याला अलगद एका बाजूला घेतलं, दुसरी मांडी थोपटली.

"ये की गं. हितं जागा हाय."

"आई," म्हणून मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं.