मोटारआप्पांचं पाचवं चाक

आप्पा कधीही सरळ जाऊन गाडीत बसले नाहीत. लग्नाचा मुहूर्त टळत असो की घरातल्या बाळंतिणीला कळा येत असोत, ते आधी गाडीभोवती एक फेरी मारणार. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, एका हातात धोतराचा सोगा आणि दुसरा हात मोकळा, कारण तो चाकांवर थापा मारायला लागायचा. मग वाकून जमिनीवर तेलाचा थेंब पडलाय का ते बघायचं, आणि शेवटी डिकी उघडून पाचव्या, म्हणजे जादा चाकाच्या पोटात अंगठा दाबायचा. त्यानंतरच दार उघडायचं. लातुरात त्यांची डाळीची गिरणी होती, पण गावाने त्यांना मोटारआप्पाच म्हटलं. माझे ते सासरे. होता होता राहिले होते, ती हकिकत आता सांगायला हरकत नाही.

मी मूळचा नांदेडचा. लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी तिथे बदली झाली. कचेरीला पाटी आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. त्यातच दुष्काळ. कुठल्या गावाला टँकर गेला आणि कुठल्या गावाला नुसती त्याची धूळ गेली, हे बघायचं माझं काम. नळाला पाणी आलं की गल्लीत दिवाळी. अशा दिवसांत आप्पांची जुनी, कधीकाळी पांढरी असलेली मोटार धुळीने म्हशीसारखी दिसायची. शेजारी टोमणे मारत, तेव्हा आप्पा शांतपणे सांगत, "आंघोळीवाचून गाडी मरत न्हाई. प्यायला न्हाई मिळालं तर मरती." घरात मोजून पाणी असलं तरी गाडीच्या पाण्याचा डबा भरलेला, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

सकाळी गाडी सुरू केली की ते घटकाभर नुसते ऐकत बसत. त्या वेळी रेडिओ बंद, पोरं बंद, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अव्वा म्हणत, त्याही बंद. कुणी तोंड उघडलं तर म्हणत, "गप ऱ्हावा. ती बोलायली." आणि गाडीचं वर्षभराचं सगळं त्यांनी सणावारांना बांधून टाकलं होतं. अमावास्येला चाकांची हवा, पुनवेला बॅटरीचं पाणी, पाडव्याच्या आधी ब्रेक, मिरगाच्या आधी काच पुसायचे दांडे, दसऱ्याला नवं तेल आणि मग पूजा. जुन्या तेलावर पूजा केली तर देवी हार घेते पण मनात ठेवते, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर अशा माणसाची मुलगी महानंदा मला दाखवायचं ठरलं. मी काकांना घेऊन गेलो. सुशीला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा उपमा, खाल्ला, चहा झाला. महानंदाने मान वर करून एकदाच बघितलं आणि माझा निकाल लागला. तिचाही लागल्यासारखा वाटला. तेवढ्यात आप्पांनी किल्ली माझ्यापुढे धरली आणि औशापर्यंत जाऊन येऊ म्हणाले. सरकारी जीपवर मी नुकताच शिकलो होतो. छाती काढून उठलो, दार उघडलं, ऐटीत बसलो आणि गाडी सुरू केली. आप्पा बाहेरच उभे. मग आपले ते सावकाश फेरी मारून मागच्या चाकाशी थांबले. चाक जमिनीला टेकलं होतं. हवा त्यांनीच सोडली होती, हे मला पुढे अव्वांनी सांगितलं.

काकांना त्यांनी बाजूला घेतलं, पण आवाज बाजूला घेतला नाही. "पोरगं चांगलं हाय. पण त्याला बसायची लई घाई हाय." लग्नाची बोलणी तिथेच थांबली. आम्ही निघताना ते एवढंच म्हणाले, येळवसेला मुरुडच्या शेतात जेवायला या, मग बघू.

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं आणि अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या कोपीत लक्ष्मीची पूजा, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली ताक-ज्वारीची आंबट, थंडगार अंबील. त्या साली शेतात ज्वारी गुडघ्याएवढीच होती, पण येळवस चुकवायची नाही म्हणजे नाही. मी मित्राची स्कूटर मागून भल्या सकाळी आप्पांच्या दारात हजर झालो. माझ्याबरोबर आलेल्या काकांना गाडीत कोंबल्यावर मुंगीलाही जागा उरली नाही, म्हणून मला मागून यायला सांगितलं. आप्पांनी फेरी घातली. चार थापा झाल्या. डिकीपाशी मात्र ते थबकले. आत अंबिलीचं मडकं होतं, अव्वांनी पूजा करून बसवलेलं. आता डिकी उघडली तर मडकं हलेल, म्हणून अव्वांनी नुसते डोळे मोठे केले. जन्मात पहिल्यांदा आप्पा पाचवं चाक न बघता गाडीत बसले.

गाडी हलता हलता खिडकीतून महानंदा हळूच म्हणाली, "मागं राहिलेलं घेऊन या."

मी आधी प्रेमाने लाल झालो. मग मागे वळून पाहिलं, तर पायरीच्या आडोशाला पाचवं चाक भिंतीला टेकून बसलेलं. मडकं सरळ बसेना म्हणून अव्वांनी ते पहाटेच बाहेर काढलं होतं. ओरडून सांगितलं असतं, तर सगळ्या गोतावळ्यासमोर मोटारआप्पांची अब्रू गेली असती, आणि माझं लग्नही तिच्यामागे गेलं असतं. मी चाक स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभं केलं आणि गुडघे फाकवून, बेडकासारखा, मुरुडची वाट धरली. रस्त्याने लोक हात जोडत होते की हसत होते, ते बघायला मला फुरसत नव्हती.

शेताच्या वाटेला बाभळी होत्या, आणि बाभळीच्या काट्याला आप्पांची फेरी ठाऊक नव्हती. मी पोचलो तेव्हा गाडी एका अंगावर कलली होती, डिकी उघडी होती आणि आप्पा अंबिलीच्या मडक्याकडे बघत उभे होते. अव्वा आभाळाकडे बघत होत्या. इतका लहान झालेला तो माणूस मी पुन्हा कधी पाहिला नाही. मी चाक घरंगळत त्यांच्यापुढे नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आप्पा, मीच काढून घेतलं होतं. म्हटलं, अंबील सांडायला नको."

आप्पांनी चाक पाहिलं, मला पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. ती पदराशी खेळत होती. त्यांनी चाकाच्या पोटात अंगठा दाबला. हवा पक्की होती.

"पाव्हणं खोटं बोलायलेत," ते काकांना म्हणाले. "पण चाक खरं हाय." आणि पहिला पेला अंबील त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला. बोलणी तिथेच, चाक बदलता बदलता, पुरी झाली.

पुढे त्यांची नजर गेली, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. शेवटच्या येळवसेला त्यांना चालवतही नव्हतं. मी हाताला धरून त्यांना गाडीभोवती फिरवलं. प्रत्येक चाकाशी थांबून त्यांचा हात तिथे टेकवला. डिकीपाशी त्यांनी विचारलं, "पाचवं हाय न्हवं?" हाय, आप्पा, म्हटलं. तरी अंगठा दाबलाच.

आता माझ्या गाडीत हवा किती ते समोरच्या पडद्यावर दिसतं. मी आधी उतरून फेरी मारतो, मग पडद्याकडे बघतो. मुलगा पुण्याहून आला की घड्याळ दाखवतो. महानंदा त्याला गप बसवते. येळवसेला डिकीत मडक्यापुरती जागा सहज होते. पण अंबिलीचं मडकं महानंदा मुरुडपर्यंत मांडीवरच धरून बसते.