खडूचा गोल

मला एका जागी बसून विचार करता येत नाही. बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत सतरा पावलं होतात, आणि त्या वर्षी नवरात्राच्या आधी मी ती इतक्या वेळा मोजली की नवरा म्हणाला, "फरशी झिजली तर खालचे तक्रार करतील." मी म्हटलं, करू देत. निदान कुणीतरी कशाची तरी तक्रार करेल.

माझा जीव त्याच एका गोष्टीत अडकला होता. माझ्याकडे फॉर्मचा गठ्ठा होता आणि त्यात एकही तक्रार नव्हती.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सोबत पीएचडी करत होते, म्हणजे ते भिजत घोंगडं किती वर्षं पडलं होतं ते विचारू नका. विद्यापीठानं एकदा मुदत वाढवून दिली होती. आता वर्षाअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द. विषय ऐकायला भारदस्त होता: कामगार नवं सॉफ्टवेअर स्वीकारतात का, आणि त्या सॉफ्टवेअरची गुणवत्ता मोजायची कशी. साध्या भाषेत सांगायचं तर, वरून एक वस्तू हातात दिली, ती लोकांना कामाची वाटते का, सोपी वाटते का, आणि ती सांगते ते खरं असतं का.

त्यासाठी मला अंबरनाथला, मोरिवली गावाला चिकटून असलेला एक कारखाना मिळाला. तिथे पत्र्याचे छोटे भाग ठोकून काढतात. त्या मशिनीला सगळे प्रेस म्हणतात. पत्रा खाली ठेवायचा, पायानं पॅडल दाबायचं, वरून ठोका बसतो, की भाग तयार. एक पॅडल, एक ठोका. कारखान्यानं वर्षभरापूर्वी प्रत्येक प्रेसजवळ एक टॅबलेट लावला होता. शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटरनं त्यावर 'ठीक' किंवा 'बिघाड' दाबायचं. बिघाड टिपून ठेवायची फिटरची जुनी वही बंद झाली होती.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि जरा जास्तच गयावया केली. म्हटलं, "माझं सगळं तुमच्या हातात आहे. या फॉर्मवर माझी पीएचडी अवलंबून आहे. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाचमधला आकडा लिहा. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं." लोक डबे उघडून ऐकत होते. पॅकिंगमधल्या एका ताईनं मला भाकरीचा तुकडा दिला आणि विचारलं, "लग्न झाल्यावर पण शिकताय?"

सगळ्यात जुने ऑपरेटर म्हणजे मोरिवलीचेच एक काका. त्यांच्या बापाची भातशेती जिथे होती तिथेच आता हे कारखाने आहेत, असं ते हसत हसत सांगायचे. रिटायर व्हायला एक वर्ष उरलं होतं. चष्मा घरी राहिला म्हणून मी त्यांना फॉर्म वाचून दाखवायला बसले. वाक्य पुरतं संपायच्या आत त्यांनी उजव्या हाताचा पंजा उघडून वर धरला.

"पाच."

"काका, वाक्य तरी ऐका."

"ऐकला की. पाच. फुडं बोला."

असे सगळेच. पाच, पाच, पाच, मधूनच एखादा चार. टॅबलेटची वर्षभराची नोंद काढली तर तिथेही तेच: रोज, प्रत्येक प्रेस, 'ठीक'. आमचा मिक्सर वर्षातून दोनदा बंद पडतो आणि इथे लोखंड ठोकणाऱ्या मशिनी वर्षभर शहाण्यासारख्या चालल्या? मला ते खटकलं. खरं सांगते, चांगलंच खटकलं. पण गाइड सर म्हणाले, "निष्कर्ष स्वच्छ येतोय, कशाला ढवळताय? लिहून टाका." आणि मी लिहून टाकलं. 'कामगारांनी ही प्रणाली मनापासून स्वीकारली असून तिच्या नोंदी विश्वासार्ह आहेत.' असलं वाक्य लिहायला एक मिनिट लागतं. कारखान्याच्या मॅनेजरना प्रबंधातल्या त्या प्रकरणाची एक प्रत दिली, ते खूश झाले.

त्यांनीच मला खंडेनवमीला बोलावलं. त्या दिवशी काम नसतं. मशिनी धुवायच्या, पुसायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. पॅकिंगच्या ताया जरीच्या साड्या नेसून आल्या होत्या. काका त्या दिवशी नव्हते, घरच्या उरलेल्या तुकड्यावरचं भात कापायला आलं होतं. मी प्रबंधाच्या शेवटी जोडायला म्हणून मोबाइलवर सगळ्या प्रेसचे फोटो काढले. मग ताईनं माझ्या हातात काथ्या आणि ओलं फडकं दिलं. "पाहुणीचा हात लागू द्या. चार नंबर तुमची."

चार नंबरच्या प्रेसच्या अंगावर, पॅडलच्या जरा वर, खडूनं एक गोल काढला होता आणि त्यात दोन आडव्या रेघा होत्या. तेलावर बसलेला खडू, सहजी निघेना. मला वाटलं कुणीतरी हिशेबाला काहीतरी खरडलं असेल. मी बाह्या सारून घासघासून तो काढला. प्रेस लख्ख झाली. कुंकवाचं बोट लावलं, माळ घातली, स्वतःवरच खूश झाले. घरी येताना प्रसादाच्या पेढ्यांनी पर्स तेलकट झाली होती.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी काका चार नंबरवर बसले. दुपारी पॅकिंगच्या ताईचा फोन आला. मी लेक्चर अर्धं टाकून निघाले.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

हॉस्पिटलात ते शांत होते. त्यांनी सांगितलं, पॅडल एकदाच दाबलं होतं, प्रेसनं दोन ठोके दिले. पहिल्यानंतर भाग काढायला हात आत घातला आणि दुसरा आला. पलंगाशी दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर उभा होता, वांगणीकडच्या पाड्यावरून तसाच आलेला. तो परत परत एकच म्हणत होता, "मी गोल काढला होता. जाताना गोल काढून गेलो होतो."

"कसला गोल?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला माझ्या हातातला काथ्या आठवला.

मग मला कळलं ते असं. त्या कारखान्यात बिघाड टॅबलेटवर कुणीच टाकत नव्हतं. टाकला की प्रेस लॉक व्हायची, इंजिनीअर येईपर्यंत दिवस वाया, आणि ज्यानं दाबलं त्याचं नाव मॅनेजरच्या केबिनमधल्या स्क्रीनवर लाल दिसायचं. म्हणून सगळे 'ठीक' दाबायचे आणि खरं काय ते खडूनं मशिनीवर लिहायचे. एक रेघ म्हणजे पट्टा ढिला. गोलात दोन रेघा म्हणजे एका पॅडलला दोन ठोके, हात घालू नका. जाणारा लिहायचा, येणारा वाचायचा. पूर्वी खंडेनवमीला धुण्याच्या आधी फिटर फेरी मारून सगळ्या खुणा वहीत उतरवून घ्यायचा. वही बंद झाली, फेरी बंद झाली. धुणं मात्र चालू राहिलं. काकांनी सकाळी स्वच्छ मशीन पाहिली आणि स्वच्छ म्हणजे चांगली असं धरलं.

मला कुणाचा राग आला होता ते तेव्हा कळलं नाही, म्हणून मी तो काकांवरच काढला. हॉस्पिटलात, पट्टी बांधलेल्या माणसावर. "मग फॉर्मवर पाच का सांगितलंत? प्रत्येक वाक्याला पाच?"

काका गोंधळले. "तुमीच बोललात ना, तुमचा सगला आमच्या हातात हाय म्हनून. तुमची परीक्षा. पोरीला नापास कोन करील?"

तिथेच बसलेली पॅकिंगची ताई खाली बघत म्हणाली, "मी दोन ठिकाणी मुद्दाम चार दिले. पैकीच्या पैकी दिले असते तर तुमच्या साहेबांना संशय आला असता."

म्हणजे एवढे दिवस मी त्यांना मोजत होते आणि ते मला पास करत होते. मी तिथून उठून जिन्यात गेले आणि रडले. मला माझीच लाज वाटली. कॉलेजात पोरांना शिकवते, प्रश्न नीट विचारा, समोरच्यावर ओझं टाकू नका. आणि स्वतः भीक मागितल्यासारखे फॉर्म वाटले होते.

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "मॅडम, चौकशी लागलीय. तुमचा तो रिपोर्ट लेटरहेडवर साइन करून द्या ना. टॅबलेटमध्ये चार नंबर ठीक आहे, तुम्ही पण लिहिलंय की नोंदी पक्क्या आहेत. खडू-बिडू तर कुणी बघितला नाही. ऑपरेटरचा निष्काळजीपणा, एवढंच लिहून फाइल बंद होईल."

काकांना हे कळलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा ते बोटांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "हात गेला तो गेला. पन निष्काळजी म्हनून नाव नको. सगली जिंदगी त्या मशिनीवर काढली. जाताना हा शिक्का नको, ताई." मी मान हलवली. फोटोचं काही बोलले नाही.

फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. चार नंबरची प्रेस, त्यावर पांढरा गोल, गोलात दोन रेघा, वर तारीख. जगात तो पुरावा फक्त माझ्याकडे होता, कारण खरा गोल मीच पुसला होता.

मॅनेजरच्या फोननंतरच्या दोन दिवसांत मी किती पावलं चालले ते मोजलं नाही. मला इथे चांगलं दिसायचं नाहीये, म्हणून लिहिते. फोटो पुसून टाकावा हा विचार माझ्या मनात आला. एकदा नाही, बऱ्याचदा आला. पुसला तर कुणाला काय कळणार? फोटो दाखवला तर माझा अख्खा प्रबंध खोटा. नोंदी विश्वासार्ह नाहीत, कामगारांनी काही स्वीकारलेलं नाही, फॉर्म म्हणजे निव्वळ दया. नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात, सासरच्यांचे टोमणे वेगळे. मी कुकर लावला आणि गॅस पेटवायला विसरले. नवरा आला, त्यानं गॅस पेटवला आणि म्हणाला, "तुझं ठरलंय. तू फक्त भीत्येस." त्याच्यावरही मी खेकसले. पण तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानात फोटोची मोठी रंगीत प्रिंट काढली आणि अंबरनाथला गेले. सरकारकडून चौकशीला आलेले साहेब, मॅनेजर आणि मी, एवढेच केबिनमध्ये. मी प्रिंट टेबलावर ठेवली. प्रत्येक खुणेचा अर्थ सांगितला. टॅबलेटमध्ये कुणी बिघाड का टाकत नव्हतं ते सांगितलं. नाव मात्र एकाचंही सांगितलं नाही.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःचाच रिपोर्ट खोटा पाडताय."

"हो."

साहेबांनी विचारलं, "मग ही खूण गेली कुठे? कुणी पुसली?"

"मी पुसली," मी म्हटलं. "काथ्यानं घासून. ते पण लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. सही बँकेत चालली नसती अशी आली. महिन्याभरानं चौकशीचा कागद निघाला. ऑपरेटरचा दोष नाही, असं त्यात स्पष्ट होतं. काकांनी त्याची झेरॉक्स काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. टॅबलेट अजून आहेत, पण बिघाड टाकणाऱ्याचं नाव आता दिसत नाही, आणि फिटरची वही परत आली.

माझी नोंदणी रद्द झाली. गाइड सर म्हणाले, "मूर्खपणा केलात." मग पुढच्या वर्षी नव्या नोंदणीच्या अर्जावर त्यांनीच सही केली. विषय तोच, फॉर्म नवे. या वेळी मी परीक्षेबद्दल, पीएचडीबद्दल, माझ्या हालअपेष्टांबद्दल चकार शब्द काढत नाही.

सुरुवात काकांपासूनच केली. मोरिवलीच्या त्यांच्या अंगणात ते खुर्चीवर बसले होते, काकूंनी चहा आणला. मी पहिलं वाक्य वाचलं: 'टॅबलेटमुळे माझं काम अधिक सुरक्षित झालं.'

काकांनी विचारलं, "या टायमाला तुमी नापास झालात तर चालंल?"

"चालेल, काका."

त्यांचा उजवा हात सवयीनं वर आला, पंजा दाखवायला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, तो मांडीवर ठेवला, आणि डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

मी एक लिहिला.