सूट दिली नव्हती

आमच्या महाविद्यालयातील जनसंवाद विभागाचा इतिहास सध्या जे सांगत फिरतात, त्यांतले बहुतेक जण तो घडत असताना चहाच्या टपरीवर होते. विभागप्रमुख मी होतो. एका विद्यार्थिनीला मी दयेपोटी प्रात्यक्षिकातून सूट दिली, ही धाराशिवात कौतुकाने सांगितली जाणारी कथा खोटी आहे. ती खोडून काढण्याचाही आता कंटाळा आला आहे. तरी लिहितो, कारण त्या कथेत मी मोठा होतो आणि तिची पदवी लहान होते.

मुलगी जळकोटकडची, मेंढपाळाच्या घरातली. अंतिम वर्षाला अट होती: लोकांपर्यंत रोज माहिती पोहोचवणाऱ्या एखाद्या ठिकाणी महिनाभर प्रत्यक्ष काम. त्याशिवाय पदवी नाही. बाकीची मुले पुण्या-सोलापूरच्या वर्तमानपत्रांत गेली. तिचे वडील मला म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाय, मला ठावं हाय. पण परक्या शहरात एकटी न्हाय ठिवायची. तेवढं सोडून बोला."

माझ्या हाताखालच्या तरुण प्राध्यापकाने लगेच तोड काढली: आजारपणाचा दाखला जोडायचा आणि अट माफ करून घ्यायची. मी तो अर्ज सही न करता परत केला. धडधाकट मुलीला आजारी ठरवणे, याला मी साहाय्य म्हणत नाही.

तालुक्याच्या बाजार आवारात रोज सौदे झाले की ध्वनिक्षेपकावरून मालाचे भाव पुकारत. वडिलांचे चार ओळखीचे लोक तिथे होते. मी ते ठिकाण सुचवले आणि वडील तयार झाले. विभागात मात्र हशा पिकला. "सर, जनसंवाद शिकवताय का आडत?" मी म्हणालो, "सोयाबीनचा भाव एकदा चुकीचा पुकारून बघा. संवाद कसा होतो ते कळेल."

महिना अर्धा झाला आणि एका आडत्याने सौद्याआधीच भावाची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

"काका, सौदा झाला का?"

"तू वाचायला हायस का इचारायला?"

तिने ध्वनिक्षेपक बंद केला, शेडात जाऊन सौदा संपेपर्यंत उभी राहिली आणि ठरलेला भाव पुकारला. तो चिठ्ठीतल्यापेक्षा चढा होता. दुसऱ्या दिवशी आवाराच्या व्यवस्थापकाने तिला सांगितले, उद्यापासून यायचे कारण नाही.

आता सारा विभाग माझ्याभोवती जमला. तिने पत्रकारितेचा कस दाखवला, आता उरलेले दिवस माफ करा. नाही केले. अर्धा महिना म्हणजे महिना नव्हे. आणि एका आडत्याने तिचे शिक्षण कुठे संपवायचे ते ठरवावे, हे मला मान्य नव्हते. सकाळची एसटी धरून मी त्या आवारात गेलो. व्यवस्थापकाला म्हणालो, "काढायचं असेल तर कारण लेखी द्या." कारण लेखी देण्यासारखे नव्हते. मुलगी परत भाव पुकारण्याच्या खोलीत बसली आणि खोलीच्या दाराशी मी, एका मोडक्या खुर्चीवर. महिना पुरा होईपर्यंत रोज. गुडघे तेव्हापासून कामातून गेले, ते आजतागायत.

परवा विभागाच्या स्नेहसंमेलनात तोच तरुण प्राध्यापक, जो आता तरुण राहिलेला नाही आणि प्रमुख झाला आहे, व्यासपीठावरून म्हणाला, "सरांचं मन एवढं मोठं, की आपल्या पाहुण्यांना त्यांनी प्रात्यक्षिक माफ केलं!" पाहुणी म्हणजे तीच, आज रेडिओवर बातम्या देते. माझ्या पुढच्या रांगेतली एक विद्यार्थिनी मैत्रिणीला कुजबुजली, "बघ, म्हंजे अर्ज केला की भागतंय."

मी उठलो. बसल्या जागेवरून उठायला मला आता वेळ लागतो. तेवढ्यात टाळ्या संपल्या. "सूट दिली नव्हती," मी म्हणालो. सभागृह हसले. सर अजून तसेच आहेत, असे कोणीतरी म्हणाले.

तेव्हा तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. "सर खरं सांगतायत. पुरा महिना केला म्या. सर सोडायलाच तयार नव्हते." ती थांबली, हसली. "फक्त आपण दाराशी राखण करत होतो असं सर सांगतात, ते खरं न्हाय. दुपारचं खुर्चीत घोरायचे. भाव पुकारताना आवाज माईकमधून जायचा, मग लोक मलाच इचारायचे, आत कोण हाय गं?"

पुढच्या रांगेतली ती विद्यार्थिनी हसता हसता मागे वळून माझ्याकडे पाहू लागली. आता अर्जाची भाषा तिच्या तोंडी नव्हती. "महिनाभर रोज?" तिने विचारले.

"रोज," मी म्हणालो आणि खाली बसलो.

घोरण्याचे मात्र साफ खोटे आहे.