शेठची शिवी मी गाळली

आमचा शेठ ज्याला शिवी देतो त्याचा माल घेतो. ज्याला ‘जी’ लावतो, त्याला चहा पाजून वाटेला लावतो. सुरतच्या कापड बाजारात हे कुणी शिकवत नाही. इथेच डिंडोलीत वाढलेल्या माझ्या भाच्यालाही ते ठाऊक होतं. म्हणूनच मला ते वापरता आलं.

भाच्याने मित्रांना घेऊन कंपनी काढली होती. उधन्याच्या कारखान्यात कुठला लूम बंद पडला ते त्यांच्या ॲपमुळे मालकाला मोबाईलवर दिसायचं. पैसा आटला. कंपनी विकली गेली तरच ती पोरं टिकणार होती, आणि घ्यायला आमचा शेठ तयार होता. सीएची ताकीद होती, सौदा होईपर्यंत फोन नाही, सगळं ईमेलवर. शेठला इंग्रजी येत नाही. त्याच्या नावाने मी लिहितो, हे घरी कुणाला माहीत नव्हतं.

भाच्याच्या साखरपुड्यात मी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायला गेलो, तेव्हा तो भर पंगतीत म्हणाला होता, “मामा, तुमना इंग्रजीले साडीना वास येस!” सगळे हसले. ताईसुद्धा. मीही हसलो, आणि ते मनात धरून ठेवलं.

शेठ सांगायचा, “लख: गधेडा, नखरा छोड. छोकराओने लईने आवी जा, बधाने राखीश.” म्हणजे लिही: गाढवा, नखरे सोड, पोरांना घेऊन ये, सगळ्यांना ठेवून घेतो. मी लिहायचो, आदरणीय महोदय, आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहोत, योग्य वेळी विचार करू. उद्धट शब्द एक नाही. शेठचाही एक नाही.

“शुं कहे छे?” शेठ विचारायचा.

“भाव खातोय,” मी सांगायचो.

शेठ कंटाळला. कंपनी बंद पडली. पोरं पांगली.

मग एका रविवारी भाचा घरी आला. “मामा, तुमचा शेठ एवढा थंड कसा हो? एक शिवी दिली असती तर धावत आलो असतो.” चहा ओठाला लावत म्हणाला, “पण लिहिणारा बाकी जबरदस्त. असं इंग्रजी आमच्या वकिलालाही येत नाही. कोण आहे?”

गप्प राहता आलं असतं. जन्मभर तेच केलं. पण सूड बिननावी राहिला तर गोड लागत नाही.

“मी,” म्हणालो. “आला का साडीचा वास?”

त्याने कप खाली ठेवला. उठून चपला घातल्या.

“येतो, मामाजी.”