बाबांनी भरलेली बॅग

सातव्या महिन्यात मुली माहेरी येतात. मी सातव्या महिन्यात माहेराहून, पांढुर्ण्याहून, हैदराबादला निघाले. नागपूरला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत मी आणि मला सोडायला आलेले बाबा फलाटावर उभे होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या शांताकाकू भेटल्या. माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "काऊन व पोरी, असं पोट घेऊन इतक्या लांब कायले चालली? पयलं बाळंतपण आईजवळ नाही करत का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तिथं दवाखाना मोठा आहे."

हे वाक्य आईचं होतं. मला आणि माझ्या वहिनीला एकाच सुमारास दिवस गेले होते. वहिनी लोधीखेड्याची, तिची आई ती लहान असतानाच गेलेली. आदल्या वर्षी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. माझी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी होती, सिझर करावंच लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ओटीभरणाच्या दुसऱ्या दिवशी आई लाडवांसाठी मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दोघींचं माह्यानं होणार नाही. तुह्याजवळ सचिन आहे, मोठा दवाखाना आहे. हिले कोण आहे?"

मी "हाव" म्हटलं. राग यायला हवा होता. मी थांबून पाहिलं, आला नाही. गाडीने नरखेड सोडलं तेव्हाही पाहिलं. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा जात होत्या आणि मला फक्त तहान लागली होती.

सचिन, माझा नवरा, सौंसरचा. त्याची आई आमच्या लग्नाआधीच वारली. आम्ही दोघं हैदराबादला नोकरी करतो, नवव्या मजल्यावर राहतो. कोथिंबीर ॲपवरून येते, पाहुणा आला तर खालचा गार्ड फोन करून विचारतो. दवाखान्यात मला विचारलं, सिझरला गुरुवार हवा की शुक्रवार. पांढुर्ण्याला मूल कधी होईल याची अख्खी गल्ली वाट पाहते. मी गुरुवार सांगितला, कारण शुक्रवारी सचिनची मीटिंग होती.

तुमच्यापैकी ज्या गावातच राहिल्या त्यांना हे ऐकून कसंतरी वाटेल. ज्या माझ्यासारख्या बाहेर पडल्या त्यांना वाटणार नाही, आणि मला त्याचंच थोडं भय वाटतं.

सिझरच्या काही दिवस आधी आईने बाबांना हैदराबादला पाठवलं. बाबांचं पांढुर्ण्याला कापडाचं दुकान. घरात मात्र त्यांनी कधी दोरीवरचा टॉवेलसुद्धा काढला नव्हता. ते आले तेव्हा दवाखान्याची बॅग पलंगावर उघडी पडली होती. कितीतरी दिवस ती तशीच होती. काय न्यायचं ते मला पाठ होतं, कपडे बाजूला रचून ठेवलेले होते, पण आत फक्त मोबाईलचा चार्जर पडला होता. रोज मी बॅगेसमोर जाऊन उभी राहायची आणि परत फिरायची.

"ही कधी भरशील व?" बाबांनी विचारलं.

"भरते."

ते उठले. मग हात धुऊन आले, पलंगावर मांडी घालून बसले आणि माझा गाऊन उचलला. दुकानात गिऱ्हाईक गेल्यावर ठाण गुंडाळतात तसा तळहाताने साफ करत त्याची घडी घातली. दुसऱ्याची घातली. पुढून बटणं का, हे त्यांनी विचारलं नाही. पॅडचं पाकीट हातात आलं तेव्हा क्षणभर थांबले, आणि ते दोन गाऊनच्या मध्ये सरकवून पुढच्या कपड्याकडे वळले. मी खुर्चीत बसून बघत होते. दुसऱ्याच कुणाची तयारी चालली आहे असं वाटत होतं.

बाळाचे तयार कपडे त्यांनी उलटे करून पाहिले. "ही शिवण टोचते लेकराले," म्हणाले. आपल्या पिशवीतून पांढरी मलमल काढली. "तुह्या आईनं धुऊन धुऊन नरम केली. कैची दे." फरशीवर कापड पसरून ते लंगोट कापायला लागले.

तेवढ्यात भावाचा फोन आला. वहिनीला दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या. "नागपूरले घेऊन चाललो. आई संगं आहे," एवढं बोलून त्याने ठेवला. मी आईला लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

बाबांनी कात्री बाजूला ठेवली. एक लंगोट घेतला, घडी घातली, मोडली, परत घातली.

"बाबा, तुम्ही जाता का परत? सचिन आहे इथं."

"मी तुह्यासाठी आलो," ते म्हणाले. लंगोटाची घडी परत मोडली.

संध्याकाळी फोन आला. मुलगा झाला होता, दोघंही बरी होती. बाबांनी मलमलीचा तुकडा डोळ्यांना लावला आणि हुंदके देऊन रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला आनंद झाला असणार. तो कुठे झाला, ते सापडत नव्हतं.

गुरुवारी पाठीत सुई दिली आणि पाय माझे राहिले नाहीत. पडद्यापलीकडे ओढाताण चालली होती, सचिन माझा हात धरून होता. मग रडणं ऐकू आलं. नर्सने मुलगी दाखवली. ओली, लाल, कपाळ अगदी सचिनचं. माझ्या मनात आलं, बरं. एवढंच आलं. असंही होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इथं सांगतेय.

खोलीत आणल्यावर बाबांनी तिला मलमलीत गुंडाळलं आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने पुष्कळ वेळ मुलीकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "म्या यायले पाहिजे होतं व."

"वहिनी कशी आहे?" मी विचारलं. टोमणा नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाबा पुढचे काही आठवडे राहिले. आईला फोनवर विचारून हळिवाची खीर करायचे, कधी लागायची, कधी पातळ व्हायची. मी खायची, पाजायची, झोपायची. मग दुकान हाक मारायला लागलं आणि ते गेले.

सव्वा महिना झाल्यावर, वहिनी जरा हिंडूफिरू लागली तेव्हा, आई आली. गार्डने खालून फोन करून तिचं नाव सांगितलं, मी "पाठवा" म्हटलं. दारात ती पिशव्या घेऊन उभी राहिली, चपला कुठे काढायच्या ते बघत. मुलीला मांडीवर घेतलं, तेल लावलं, आंघोळ घातली. माझ्या टाक्यांबद्दल विचारलं. मग उठून वरणाला फोडणी द्यायला स्वयंपाकघरात गेली. डबे उघडल्याझाकल्याचे आवाज येत राहिले. पांढुर्ण्याच्या घरात मी जन्मभर तिला विचारत आले, मीठ कुठं, सुई कुठं, माझी ओढणी कुठं, आणि ती न बघता सांगायची.

"तुह्या घरी हिंग कुठं ठेवते व?" तिने आतून विचारलं.

"वरच्या फळीवर, डाव्या हाताले," मी म्हटलं. मग मुलीला खांद्यावर घेतलं आणि दाखवायला उठले.