चित्रांखालच्या सोळा ओळी

सत्तरच्या दशकात दापोडीच्या एका शाळेत सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. मुलं अठ्ठेचाळीस आणि शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक एकच. सोळा पानं, सोळा चित्रं. बाजारात हरवलेलं पिल्लू शोधणारी शेळी. एका बाकावर चौघं, म्हणून बारा बाकांपुढे मी ते उघडं धरून फिरायची. हात भरून यायचे. वर शेजारच्या वर्गावरचे शिक्षक विचारायचे, "बाई, सहावीत बालवाडी काढलीत का?"

एका गॅरेजवाल्याची मुलगी त्याच वर्षी आमच्याकडे आली होती. आधीची शाळा उर्दू. मराठी वाचताना पहिल्याच ओळीत अडायची आणि मुलं हसायची. या पुस्तकावर मात्र घडाघडा बोलायची. भाषा गल्लीत शिकलेली. लेखीत तिला ऐंशीपैकी एकोणीस मिळाले होते. पास व्हायला एकूण पस्तीस हवेत, म्हणजे तोंडीत वीसपैकी सोळा. म्हणून तोंडी परीक्षा मी याच पुस्तकावर ठेवली.

त्या दिवशी कपाटातून पुस्तक काढलं, तर प्रत्येक चित्राखाली शाईने एकेक ओळ. मुख्याध्यापकांचं वळणदार अक्षर. 'शेळी हा उपयुक्त प्राणी आहे.' 'बाजारात स्वच्छता राखावी.' अशा सोळा.

"तपासणी येतेय. मजकूर नसलेलं पुस्तक दाखवायचं कसं? अख्खा रविवार गेला माझा," ते म्हणाले. त्यांना शाबासकी हवी होती. माणूस खरोखर राबला होता, त्यामुळे धड रागावताही येईना.

तोंडीला ते स्वतः येऊन बसले. मुलगी उभी राहिली.

"वाच," ते म्हणाले.

ती पहिल्याच ओळीवर अडली. मागे खसखस पिकली. मग तिने तळहात त्या ओळीवर ठेवला आणि चित्राकडे बघत सुरू केलं. "शेळी समद्यांना विचारती, माझं पोरगं बघितलं का? भाजीवाली म्हनती, व्हय, माझी मेथी खाऊन गेलं. घरी खायाला घालत न्हाईस का गं?"

वर्ग हसला, पण या वेळी गोष्टीला. पान उलटलं की हात पुढच्या ओळीवर. सोळाही पानं तिने अशीच सांगितली.

मी सतरा गुण मांडले. मुख्याध्यापकांनी वहीत डोकावून पाहिलं. "गोष्ट चांगली. पण वाचलं कुठे, बाई? एक कमी करा."

एरवी मी अर्ध्या गुणासाठी भांडते. तेव्हा मुकाट्याने सतराचे सोळा केले आणि त्यांना आणखी काही सुचायच्या आत सही घेतली.