ओळंबा आणि चौदा फॉन्ट

आमच्या मामाला त्याच्या धंद्यातले लोक ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. मामाने चाळीस वर्षं इमारतींचे फोटो काढले. शाळा, दवाखाने, कचेऱ्या. बांधकाम संपलं की कॅमेरा घेऊन तो हजर. त्याच्या फोटोत खांब कधी कलला नाही आणि खिडकी कधी झुकली नाही. कॅमेऱ्याच्या पिशवीत भिंगांच्या शेजारी तो एक खराखुरा पितळी ओळंबाही ठेवायचा. एकदा त्याने एका नव्या दवाखान्याचा फोटो काढायला साफ नकार दिला. जिना डावीकडे कललाय म्हणाला. ठेकेदाराने चिडून मोजमाप केलं, तर दोन बोटांचा फरक निघाला. त्यानंतर त्याच्या नजरेशी हुज्जत घालायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मोजपट्टी चुकू शकते, मामा नाही, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे.

काम थांबवल्यावर त्याने मला बोलावलं. दुसऱ्यांच्या इमारती टिपता टिपता प्रत्येक ठिकाणी त्याने स्वतःसाठी एक फोटो काढला होता, आणि तो नेहमी जिन्याचा. असे सहाशेवर जिने. माणूस एकात नाही. आता त्याला त्यांची वेबसाइट हवी होती. मी घरी बसून वेबसाइटी बनवते. दातांचे डॉक्टर, शिकवण्या, एक गाद्यांचं दुकान, अशी माझी गिऱ्हाइकं. त्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं, आणि मला ते हवंही होतं. फोटो निवडायला दोन दिवस लागले, मांडणीला एक. फॉन्टला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांची मला चीड येते, आणि मामापेक्षा स्वतःची जास्त येते. कारण त्या दिवसांत त्याचा उजवा डोळा जात होता, आणि मी समोर बसून फॉन्ट बदलत होते.

पहिल्या बैठकीला मी चौदा फॉन्ट एकाखाली एक लावून नेले होते. प्रत्येकात तेच शीर्षक: पाहिलेले जिने. मामाने चष्मा नीट केला, डावा डोळा मिटला आणि उजव्याने पाहायला लागला. त्याची ती जन्माची सवय. कॅमेऱ्याला उजवा डोळा लावायचा, आणि सरळ-वाकडं ठरवायचं झालं की कॅमेरा नसला तरी डावा आपोआप मिटायचा. एक नंबर त्याला निमंत्रणपत्रिकेसारखा वाटला. दोन नंबर औषधाच्या खोक्यावरचा. तीनमधली वेलांटी म्हणे छत्री उघडून उभी होती. सहा नंबर जेवून उठल्यासारखा सुस्त. मी हसत होते आणि एकेक खोडत होते. नऊवर तो थांबला, आणि बराच वेळ थांबला.

"हा चांगला आहे," तो म्हणाला. "पण शिरोरेषा वाकलीय."

अक्षरांच्या डोक्यावरून जाणारी ती आडवी रेघ. कुठे वाकलीय असं विचारलं तर त्याने 'लेले'वर बोट ठेवलं. इथे वर आलीय, फुगलीय म्हणाला. मी डोळे फाडून पाहिलं. रेघ सुतासारखी सरळ होती. मला तरी ठीक दिसतेय, असं मी म्हटलं, तर दवाखान्याच्या ठेकेदाराकडे पाहिलं असेल तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि इथे माझी अक्कल चरायला गेली. मला वाटलं, असेल काहीतरी. फॉन्टमध्ये खोट असतेही. दोन अक्षरांच्या मधे रेघेत फट पडते, एखाद्या अक्षराची रेघ केसभर जाड निघते. मी अक्षरं चौपट मोठी करून तपासली. काही सापडलं नाही, तरी ते तिथे आहे असं मी धरून चालले.

मग सुरू झालं दळण. दहा नंबर लावला, तो फुगला. बारा लावला, तोही. मी आकार बदलला, जाडी बदलली, दुसरा स्क्रीन आणून जोडला. माझ्या संगणकावर 'अंतिम', 'अंतिम नक्की', 'आता खरंच अंतिम' अशा फायलींची रांग लागली. मामा फोन करून सांगायचा, आज जास्त वाकलीय. फुगवटा प्रत्येक वेळी तो जिथे बघत असेल नेमका तिथेच असायचा. 'पाहिलेले'कडे पाहिलं की तिथे, 'जिने'कडे पाहिलं की तिथे. फॉन्टची खोट माणसाच्या नजरेमागे फिरत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही, कारण डोक्यात आधीच मामाची नजर बसलेली होती.

एका दुपारी मामीने हसत हसत सांगितलं की न्हाणीघराच्या दाराची चौकट दोनदा उखडून पुन्हा बसवली. सुताराने पाणसळ लावून दाखवली होती, बुडबुडा बरोबर मधोमध होता. मामा म्हणाला, तुझी पाणसळ बिघडलीय. बिचाऱ्याने निमूटपणे चौकट काढली. ओळंब्याशी कोण वाद घालणार? मीही मामीबरोबर पोट धरून हसले. मग हसू ओसरल्यावर मामी जरा हळू आवाजात म्हणाली, हल्ली जिना उतरताना हा भिंत धरतो. गुडघे म्हणतो. पण गुडघे दुखणारा माणूस पाय टाकायच्या आधी पायरी चाचपत नाही. आम्ही दोघींनी वय झालं असं म्हणून तो विषय मिटवला. आजही ती दुपार आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सहाव्या आठवड्यात माझा संयम सुटला. मामाला धडा शिकवायचा, एवढाच माझा विचार होता. मी नऊ नंबरचा फॉन्ट उघडला आणि 'लेले'वरची शिरोरेषा मुद्दाम खाली दाबली. शेंबड्या पोरालाही दिसेल इतका खळगा केला. वाकडं कशाला म्हणतात ते एकदा दाखवून देऊ आणि हे प्रकरण संपवू, असं मनाशी ठरवून गेले. स्क्रीन त्याच्यासमोर ठेवला. त्याने डावा डोळा मिटला. मी ओरडा ऐकायच्या तयारीत होते.

त्याचा चेहरा सैल झाला. कित्येक दिवसांत तो असा दिसला नव्हता.

"आता झाली सरळ," तो म्हणाला. "एवढंच तर सांगत होतो मी तुला."

मामी चहा घेऊन येत होती. येता येता तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, ही रेघ मधेच खचलीय ना गं? मामा माझी गंमत करत असेल, असं मला दोन क्षण वाटलं, नव्हे, मी तशी आशा केली. पण तो गंमत करत नव्हता. तो समाधानाने त्या खचलेल्या रेघेकडे बघत होता.

"मामा," मी म्हटलं, "आता उजवा मीट आणि डाव्याने बघ."

त्याने डाव्या डोळ्याने पाहिलं. मग उजव्याने. मग पुन्हा डाव्याने. असं चार-पाच वेळा झालं. मग तो उठला, कपाटातून कॅमेऱ्याची जुनी पिशवी काढली, तिच्यातून ओळंबा काढला आणि खिडकीच्या कडीला अडकवला. वजन डुलायचं थांबेपर्यंत तो उभा राहिला. आधी डाव्या डोळ्याने पाहिलं. नंतर उजव्याने, आणि उजव्याने इतका वेळ पाहत राहिला की मामीने कप खाली ठेवले.

"दोरी वाकलेली दिसतेय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "दोरीला वजन लावलंय. ती वाकूच शकत नाही."

त्याने दोरी बोटांवर गुंडाळली, ओळंबा पिशवीत ठेवला आणि खुर्चीत येऊन बसला. त्याला सगळं कळलं होतं, आमच्यापेक्षा आधी आणि आमच्यापेक्षा जास्त. चहा निवला. मग तो मामीला म्हणाला की त्या सुताराला फोन करायला हवा, त्याची चूक नव्हती. मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो, त्याच्या मधल्या जागेने आपण बारीक ते पाहतो. तिथे खालून पाणी झिरपतं, पडदा फुगतो, आणि सगळ्यात आधी सरळ रेघा वाकड्या दिसतात. डोळ्यात इंजेक्शनं देऊन ते थांबवता येतं, पण गेलेलं सहसा परत येत नाही. कधीपासून होतंय, असं त्यांनी विचारलं. आत्ता आत्ताच, असं मामा म्हणाला. मी लॅपटॉप उघडला. फायलींवर तारखा असतात. पहिल्या तक्रारीला त्रेचाळीस दिवस झाले होते. ती खळगा पाडलेली फाइलही मी त्यांना दाखवली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि हे कुणी काढलं असं विचारलं. मी म्हटलं, मी.

"तेव्हाच आला असतात तर," त्यांनी सुरुवात केली आणि मामाकडे पाहून वाक्य अर्धं सोडलं. बाई सभ्य होत्या. ते वाक्य मी घरी येऊन पूर्ण केलं, आणि अजूनही मधूनमधून करते.

इंजेक्शनं घेऊनही उजव्या डोळ्याच्या मधोमध करडा डाग राहिला तो राहिलाच. त्या डोळ्याने समोरच्या माणसाकडे पाहिलं तर चेहरा पुसला जातो, कान आणि केस उरतात. मामा सांगतो की यात बऱ्याच नातेवाइकांचं भलंच झालंय. पण एक डोळा गेला की दुसऱ्यालाही धोका असतो, हे बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. रोज डाव्या डोळ्याने पाहायला त्यांनी चौकटी आखलेला एक कागद दिला. एकही रेघ वाकली तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. मामाला तो कागद आवडला नाही. हे काय गणिताच्या वहीसारखं, म्हणाला. वेबसाइट नऊ नंबरमध्ये लाव, काही न दाबता, मी रोज माझ्या शीर्षकावरच बघेन. बाई म्हणाल्या, रेघ सरळ असल्याशी मतलब.

तशी ती लावली. काळ्या पानावर एकशे बारा जिने आणि वर पांढऱ्या अक्षरांत शीर्षक. लोकांनी जिन्यांचं कौतुक केलं. एका अनोळखी माणसाने अक्षरं फार शांत आहेत असं कळवलं, ते मी मामाला वाचून दाखवलं तेव्हा तो खूश झाला. रोज सकाळी दहाला त्याचा एका शब्दाचा निरोप येतो: सरळ. तो आला की मीही ते पान उघडते, एक डोळा मिटते, मग दुसरा. तो माझ्या आईचा सख्खा भाऊ आहे आणि घरात आणखी कुणाला असं झालंय का, हे बाईंनी विचारलं होतं. मीही अशी बघते हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. अकरा महिने रोज दहाला तो निरोप आला. अकरा महिने त्यानंतरच माझ्या घशाखाली चहा उतरला.

परवा दहा वाजून गेले. सव्वादहा झाले. साडेदहाला निरोपाऐवजी फोन आला.

"ऐक ना," मामा म्हणाला, "फॉन्टमध्ये काही फेरफार केलास का? 'जिने'वरची रेघ जराशी उचललेली वाटतेय." आवाज अगदी रोजचा होता. "केला असशील तर सांग. मी रागावणार नाही."

मी पान उघडलं. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. रेघ सरळ होती. अकरा महिन्यांत मी त्या फॉन्टला हातही लावला नव्हता. फोनवर तो वाट बघत होता, मी हो म्हणावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या नजरेची खात्री नव्हती, म्हणून त्याला माझी चूक हवी होती.

"नाही मामा," मी म्हटलं. "मी काही केलेलं नाही. मी निघतेय. एकटा जिना उतरू नकोस, मी वर येते."